१९८४, डेट्रॉइट टायगर्स आणि रेडिओ : तुमच्या आठवणी लिहा

परवा बेसमेंट आवरताना एक कॅसेट सापडली. एका बाजूवर आईचं बोलणं आहे, १९८४ च्या गणपतीनंतर सांगलीहून पाठवलेलं. तेव्हा फोन परवडायचा नाही, त्यामुळे आई कॅसेटवर बोलून ठेवायची आणि कोणी इकडे यायला निघालं की त्याच्याबरोबर पाठवायची. दुसरी बाजू कोरी होती. त्या बाजूवर मी १४ ऑक्टोबर १९८४ ला, रविवारी, बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे फायनलची, पाचवी मॅच टेप केली होती, आपले टायगर्स विरुद्ध सॅन डिएगो पॅड्रेज. स्टेशन डब्ल्यूजेआर, ७६० एएम, कॉमेंट्रीला अर्नी हारवेल आणि पॉल कॅरी.

मी आठव्या इनिंगला बटण दाबलं म्हणून सगळं त्यापुढचंच आहे. आधी सॅन डिएगोच्या बेवाक्वाचा होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखा), स्कोअर आपले ५ त्यांचे ४, माझा जीव टांगणीला. मग आपली बॅटिंग, समोर त्यांचा पिचर (बोलर) गॉसेज, दोन बेसवर आपली माणसं. पॅड्रेजच्या मॅनेजरला आपल्या गिब्सनला मुद्दाम वॉक द्यायचा होता, म्हणजे मारायला न देता पहिला बेस फुकट, पण गॉसेज म्हणाला मी टाकतो, आणि त्याने टाकला, आणि गिब्सनने मारलेला तो बॉल उजवीकडच्या प्रेक्षकांच्या वरच्या मजल्यावर गेला. ८-४. इथे टेपवर अर्नीचा आवाज लोकांच्या आरडाओरड्यात बुडून जातो, आणि तोही मध्ये बोलत नाही, लोकांना ओरडू देतो. हे त्याचं मला फार आवडायचं. नवव्या इनिंगमध्ये खट्ट आवाज होतो आणि टेप संपते. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीसच मिनिटं. शेवटचा आऊट नाहीच त्यात.

मी १९८० ला आलो, डिअरबॉर्नला पहिली नोकरी. ८२ मध्ये मिशिगनमधली बेकारी १६ टक्क्यांच्या वर गेली होती, आमच्या मजल्यावरची टेबलं एकेक करून रिकामी होत होती, दर शुक्रवारी पोटात गोळा. ८३ चा आपला वर्ल्ड कप मला ऐकायलाच मिळाला नाही, कपिलने कप उचलला हे दुसऱ्या दिवशी एका मित्राच्या फोनवरून कळलं. लहानपणापासून रेडिओला कान लावून क्रिकेट ऐकलेला माणूस मी, ती हळहळ वर्षभर गेली नाही. आणि पुढच्याच एप्रिलला गाडीतल्या रेडिओवर हे सुरू झालं. टायगर्स पहिल्या नऊच्या नऊ मॅच जिंकले. ७ एप्रिलला शिकागोत आपला पिचर जॅक मॉरिसने नो-हिटर टाकली, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट नाही. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत पहिला नंबर सोडला नाही, १०४ मॅच जिंकले. त्या वर्षी कामावरून घरी पोचलो तरी इनिंग संपेपर्यंत मी ड्राइव्हवेमध्ये गाडीतच बसून राहायचो.

तेव्हा तिथे असलेल्यांनी, किंवा ज्यांचे आईवडील होते त्यांनी लिहा. लांब लिहा, काही हरकत नाही. आणि शेवटचा आऊट कुणी घरी टेप केला असेल तर कृपया सांगा. नेटवर रेकॉर्डिंग मिळतात हे माहितीय, मला त्या दिवशी कुणाच्या तरी घरात वाजलेलं हवंय.

ट्रॉय, मिशिगन

मी लग्न होऊन ८३ च्या डिसेंबरात आले. बाहेर बर्फ, गाडी येत नाही, हे सकाळी सातला गेले की संध्याकाळी सहापर्यंत घरात मी एकटी. इंग्रजी वाचता यायचं पण इथले लोक बोलायला लागले की काही कळेना. दुकानात मुलीने काही विचारलं की मी नुसती मान हलवायचे.

स्वयंपाकघरात फ्रिजवर एक छोटा रेडिओ होता. मार्चमध्ये एक दिवस तो लावला तर एक म्हातारेसे गृहस्थ बायबलमधलं काहीतरी कवितेसारखं वाचत होते, थंडी सरली, पाऊस गेला, फुलं आली, पारव्याचा आवाज ऐकू येतोय अशा अर्थाचं. मला वाटलं धार्मिक कार्यक्रम असेल. तर पुढे बेसबॉल! नंतर कळलं की अर्नी दरवर्षी सीझनच्या सुरुवातीला ते वाचतात. खिडकीबाहेर तेव्हाही बर्फच होता, पण मला इतकं बरं वाटलं ते ऐकून, काय सांगू.

ते मूळचे जॉर्जियाचे, त्यामुळे बोलणं संथ, शब्द सुटा सुटा. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे आणि एकेक वाक्य तसंच म्हणून बघायचे. बॅटरने बॅट न हलवता तिसरा स्ट्राइक सोडला (तीन स्ट्राइक झाले की आऊट) की ते म्हणायचे, हा रस्त्याकडेच्या घरासारखा उभाच राहिला. अशी वाक्यं मला पाठ झाली. माझं इंग्रजी बोलणं त्या रेडिओनं सुरू झालं, यात एक अक्षर वाढवून सांगत नाहीये.

एक गोष्ट मला महिनाभर खटकत होती. आपला लू व्हिटेकर बॅटिंगला आला की लोक हूऽऽऽ असं काहीतरी ओरडायचे. मला वाटायचं, इतका चांगला खेळतो आणि आपलेच लोक त्याची हुर्यो का उडवतात? मला खरंच वाईट वाटायचं त्याच्यासाठी. मग ह्यांनी सांगितलं की ते त्याचं नाव घेतात, लूऽऽऽ म्हणून. त्यानंतर मीही लाटणं हातात धरून लूऽऽऽ म्हणायला लागले.

आणि कोजागिरी! ९ ऑक्टोबरला होती आणि त्याच रात्री वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच सॅन डिएगोला. आमच्याकडे पाच-सहा कुटुंबं जमलेली, टीव्ही आत, पण चंद्र बाहेर ना, मग रेडिओ मागच्या अंगणात नेला. सगळे शाली पांघरून, हातात मसाला दूध. बेवाक्वा दुसऱ्या बेसला अडखळला आणि तरी तिसऱ्याकडे पळाला, गिब्सनकडून व्हिटेकर, व्हिटेकरकडून कॅस्टिलो असा बॉल येईपर्यंत आमच्यातलं कुणी दुधाचा घोट घेतला नसेल. आऊट झाला तेव्हा शेजारची अमेरिकन बाई कुंपणापलीकडून ओरडली, तिचाही रेडिओ चालू होता. तिला बोलावलं, दूध दिलं. केशर कशाला घालतात ते विचारत बसली. पुढे वीस वर्षं ती माझी मैत्रीण होती. ३-२ जिंकलो आपण.

फार्मिंग्टन हिल्स (तेव्हा वय ९)

काका, ड्राइव्हवेमध्ये गाडीत बसून राहणारे माझे बाबापण होते, आई खिडकीतून लाइट चालू-बंद करून बोलवायची.

माझी आठवण आजोबांची आहे. ते साताऱ्याहून एप्रिलमध्ये आले, सहा महिन्यांसाठी. इंग्रजी जेमतेम, पण ७१ ची ओव्हलची टेस्ट त्यांनी रेडिओवर ऐकलेली आणि बाळ पंडितांची मराठी कॉमेंट्री म्हणजे त्यांच्या दृष्टीने शेवटचा शब्द. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याबरोबर मॅच ऐकायला बसले. नियम मी सांगायचो, मला जेवढे माहीत तेवढे. दोन स्ट्राइक झाल्यावर फाऊल (रेषेबाहेर गेलेला फटका) कितीही मारले तरी तो तिसरा स्ट्राइक धरत नाहीत आणि माणूस आऊट होत नाही हे त्यांना पटेना. पटलं ते ४ जूनला. टोरोंटोविरुद्ध दहावी इनिंग, आपला डेव्ह बर्गमन, फाऊल, फाऊल, परत फाऊल, असे तेरा बॉल, आणि तेराव्याला होमरन. आजोबा खुर्चीतून उठले आणि म्हणाले, हा सोलकरच्या जातीचा आहे, चिवट.

त्यांनी एक वही केली होती. साताऱ्याहून आणलेली, लाल पुठ्ठ्याची, हिशेबाची. त्यात देवनागरीत स्कोअर. व्हिटेकर व्हि, ट्रॅमेल ट्रॅ, पॅरिश पॅ. आऊट म्हणजे फुली, होमरन म्हणजे छोटंसं घर काढायचे, कौलारू. का, तर होम म्हणजे घर ना. शब्द कळले नाहीत तर अर्नीचा आवाज किती वर गेला त्यावरून ते काढायचे घर, आणि बहुतेक वेळा बरोबर असायचं. मला म्हणाले, आवाज खोटं बोलत नाही या माणसाचा.

मे महिन्यात कॅलिफोर्नियात मॅच असली की आमच्याकडे साडेदहाला सुरू व्हायची. शाळा असायची म्हणून आई झोपायला लावायची, मग मी ट्रान्झिस्टर उशीखाली घ्यायचो. २४ मे ला ऍनाहाइममध्ये जिंकले आणि रेकॉर्ड झाला ३५-५. चाळीसपैकी पस्तीस! सकाळी आजोबांना कुजबुजत सांगितलं, त्यांनी वहीत एक पान नुसतं ३५-५ एवढंच लिहायला वापरलं. लगेच सिऍटलला जाऊन ओळीने तीन हरले, तेही लिहिलंय, बारीक अक्षरात.

१८ सप्टेंबरला डिव्हिजन (आपला गट) जिंकली तेव्हा आजोबा होते. महिनाअखेरीला गेले परत. वर्ल्ड सिरीजचे पाचही स्कोअर मी त्यांना एरोग्रॅमवर लिहून पाठवले, ट्रॅमेलचे चौथ्या मॅचमधले दोन होमरन दोन घरं काढून. पत्र दिवाळी झाल्यावर पोचलं. त्यांनी ते वहीत चिकटवलं. वही आता माझ्याकडे आहे.

वॉरन, मिशिगन

मी जरा वेगळं लिहितो. १९८२ च्या जूनमध्ये हायलंड पार्कला व्हिन्सेंट चिनला मारलं, बेसबॉलच्या बॅटने. चिनी वंशाचा मुलगा, लग्न ठरलेलं. मारणारे मोटार धंद्यातले, जपानी गाड्यांमुळे नोकऱ्या गेल्या हा तेव्हाचा राग. पुढच्या वर्षी दोघांना प्रोबेशन आणि ३००० डॉलर दंड, तुरुंगात एक दिवस नाही. आम्ही जपानी नव्हतो, चिनी नव्हतो, पण त्या काळात पार्किंग लॉटमध्ये एकट्याने चालताना मान आपोआप खाली जायची. बेसबॉल या शब्दाचीच मला धास्ती बसली होती.

आमच्या शॉपमध्ये एक वयस्कर टूलमेकर होता, त्याच्या बेंचवर ग्रीसने काळा झालेला रेडिओ. दीड वर्षात तो माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलला नव्हता. ८४ च्या उन्हाळ्यात, दुपारची मॅच असताना मी ड्रॉइंग घेऊन गेलो तर त्याने हात वर करून थांबवलं. टायगर्सचा विली हर्नांडेझ पिच करत होता. आऊट झाल्यावर मी म्हणालो, या वर्षी हा चुकतच नाही. त्याने वळून बघितलं माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी बेंचशेजारी एक स्टूल होतं. काही बोलला नाही, स्टूलकडे बोट दाखवलं फक्त. हर्नांडेझने त्या वर्षी ३३ संधींपैकी ३२ सेव्ह केले (शेवटी येऊन आघाडी राखली), त्यातले बरेच मी त्या स्टूलवर ऐकलेत.

झालेलं विसरायला झालं असं नाही, चिनच्या आईचा चेहरा मी विसरणार नाही. पण स्टूलपण खरं आहे.

मिसिसागा, कॅनडा

आम्ही ब्लू जेजवाले, म्हणजे टोरोंटोच्या टीमचे, त्यामुळे बर्गमनचं नाव काढू नका, अजून दुखतं. पण रात्री ७६० आमच्याकडे स्वच्छ लागायचं, पन्नास हजार वॅट, आणि आमची मॅच नसली की मी अर्नीलाच ऐकायचो.

वेन स्टेटचा तेव्हाचा विद्यार्थी, आता पुणे

शेवटच्या मॅचचं तिकीट परवडणारं नव्हतं. आम्ही तिघं मिशिगन आणि ट्रंबुलच्या कोपऱ्यावर, स्टेडियमच्या भिंतीबाहेर रेडिओ घेऊन उभे होतो. तिथे गंमत अशी की लोकांची आरोळी आधी यायची आणि काय झालं ते अर्नीच्या तोंडून नंतर कळायचं. गिब्सनच्या वेळी जमीन हादरल्यासारखं झालं, रेडिओ ऐकूच येईना, काय झालं कुणालाच माहीत नाही आणि तरी सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. मॅच संपल्यावर पोलिसांची एक गाडी पेटवली, दगडफेक सुरू झाली, आम्ही गल्लीबोळातून पळत हॉस्टेल गाठलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या देशाच्या पेपरात फक्त तोच फोटो. त्याचा मला आजही राग येतो, त्या कोपऱ्यावर त्याआधी तीन तास जे होतं त्याचा फोटो कुणीच काढला नाही.

दोन आठवड्यांनी, ३१ तारखेला सकाळी, त्याच रेडिओवर इंदिराबाईंची बातमी ऐकली. त्यामुळे माझ्या डोक्यात तो ऑक्टोबर असा अर्धा अर्धा आहे.

कॅन्टन, मिशिगन

माझे वडील इथल्याच इप्सिलँटी गावी नोकरीला होते. प्रेक्षकांत फाऊल बॉल गेला की अर्नी म्हणायचे, इप्सिलँटीच्या एका माणसाने पकडला. लहानपणी मला वाटायचं ते बाबांच्या ऑफिसातल्या सगळ्यांना ओळखतात. कधी ना कधी बाबांचं नाव येईल म्हणून मी वाट बघायचे. मे २०१० मध्ये अर्नी गेले, त्यांचं पार्थिव टायगर्सच्या कॉमेरिका पार्क स्टेडियममध्ये दर्शनाला ठेवलं होतं, दहा हजारांवर लोक आले, त्यात मी आणि बाबा. रांग रात्रीसुद्धा संपत नव्हती. पुढच्या गृहस्थांनी बाबांना विचारलं, कुठून आलात? बाबा म्हणाले, इप्सिलँटी. आजूबाजूचे पाच-सात जण एकदम हसले आणि त्यातल्या एका आजींनी बाबांचा हात धरून ठेवला, आत जाईपर्यंत.

धागाकर्ते काका, शेवटचा आऊट आमच्याकडे आहे. बाबांनी पूर्ण नववी इनिंग टेप केली होती. पॅड्रेजच्या ग्विनने मारला, डावीकडे आपल्या हर्नडनने पकडला, पाठोपाठ अर्नी. पण स्वच्छ नाहीये, आधीच सांगते. बरोबर कॅच चालू असताना आमच्या कुकरची शिट्टी होते, आणि आई आतून म्हणते, अहो, आमटी गरम आहे तोवर या. बाबा म्हणतात, आलोच, एक मिनिट. ईमेल कळवा, उद्या पाठवते.