सिडनी: लायसन्सचे डिमेरिट पॉइंट्स नक्की कसे मोजतात?

प्रश्न: न्यू साउथ वेल्सचं पूर्ण लायसन्स आहे, वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दल खात्यावर ९ डिमेरिट पॉइंट्स झालेत. दंड भरल्यावर पुसले जातात का? नीट गाडी चालवली तर काही परत मिळतात का?

प्रतिसाद १: दंड भरून पॉइंट जात नाहीत. तीन वर्षांत १३ झाले की लायसन्स निलंबित, आणि ही तीन वर्षं गुन्ह्याच्या तारखेपासून धरतात, दंड भरल्याच्या नाही. हातात मोबाइल सापडला की ५. म्हणजे तुमचे ९ अधिक ५, झाले १४! ईस्टर, नाताळसारख्या लांब सुट्ट्यांत तेच १० होतात.

प्रतिसाद २: १३ ते १५ पॉइंट्सना ३ महिने निलंबन, १६ ते १९ ला ४, २० किंवा जास्तला ५. त्याऐवजी १२ महिन्यांची चांगल्या वर्तणुकीची मुदत मागता येते, पण निलंबन सुरू व्हायच्या आधी. त्या काळात २ पॉइंट्स लागले की मूळ निलंबन दुप्पट. रोज गाडी लागत असेल तरच हा जुगार खेळा.

प्रतिसाद ३: नीट गाडी चालवण्याचं बक्षीस २०२३ मध्ये सुरू झालं: वर्षभर एकही गुन्हा नसेल तर १ पॉइंट वजा. खात्यावर शून्य असेल तर आगाऊ जमा होत नाही हं.

प्रतिसाद १: आणि कॅमेऱ्याची नोटीस गाडीमालकाच्या नावे येते. चालवणारा दुसरा असेल तर त्याचं नाव मुदतीत कळवा, नाहीतर पॉइंट्स तुमच्याच माथी.