शब्दचर्चा : संवेद्य उष्मा, अप्रकट उष्मा आणि ध्रुवीय बर्फ

केतकी : अंटार्क्टिकाच्या पठारावर हिम आणि हवा यांच्यात उष्णतेची देवाणघेवाण कशी होते, या विषयावरचा लेख मराठीत आणते आहे. हवा आणि पृष्ठभाग यांच्या तापमानातल्या फरकामुळे जी उष्णता इकडून तिकडे जाते, तिला हिंदीत 'संवेद्य ऊष्मा' म्हणतात. मराठीत तेच ठेवावं का? आणि बाष्पाबरोबर जाते ती 'सुप्त', 'गुप्त' की 'अप्रकट'? वाक्य असं आहे : 'हिवाळ्यात पठारावर संवेद्य उष्म्याचा अभिवाह ऋण असतो.' वाचकाच्या हाती यातून काही लागेल असं वाटत नाही.

हिमरेषा : दहावीच्या विज्ञानात 'अप्रकट उष्मा' आहे, तोच घ्या. 'सुप्त उष्णता' जुन्या पुस्तकांत भेटते, तीही बरोबरच. 'गुप्त' मात्र हिंदीला राहू दे. 'संवेद्य' चालेल, पण पहिल्यांदा येईल तिथे 'तापमापकाला कळणारी उष्णता' असं एकदा सांगून टाका.

खरी मेख 'ऋण'मध्ये आहे. हवामानशास्त्रात बहुधा पृष्ठभागाकडून वर जाणारा अभिवाह (म्हणजे दर चौरस मीटरमधून दर सेकंदाला जाणारी उष्णता) धन मानतात. हिमनद्यांवर काम करणारे पृष्ठभागाकडे येणारा धन मानतात. म्हणजे चौरस मीटरला उणे 20 वॅट हा आकडा एका निबंधात 'हवेने हिमाला उष्णता दिली' असं सांगतो आणि दुसऱ्यात नेमकं उलट. भाषांतर करताना आधी लेखाची चिन्हपद्धत शोधा आणि वाक्यात दिशा लिहा : 'हिवाळ्यात पठारावर हवेकडून हिमपृष्ठाकडे उष्णता येत राहते.'

केतकी : पण हिमच हवेला थंड करतं ना? मग हवेकडून उष्णता 'येते' हे वाचकाला उलटं वाटेल.

हिमरेषा : दोन्ही एकच घटना आहे, फक्त सुरुवात प्रारणापासून होते हे आधी सांगावं लागतं. उणे 40 अंश सेल्सियसचं हिमही दर चौरस मीटरला सुमारे 165 वॅट अवरक्त प्रारण सोडतं. पठारावरची हवा कोरडी. आकाश निरभ्र असेल तर परत येणारं प्रारण त्याहून कमी भरतं. ध्रुवीय रात्रीत ही तूट सूर्य भरून काढत नाही. थोडी उष्णता खालच्या हिमातून वहनाने येते, उरलेली बरीचशी हवेतून. म्हणून पृष्ठभाग सर्वांत थंड आणि वर काहीशे मीटरपर्यंत हवा अधिकाधिक उबदार. भूगोलात आपण शिकतो तीच तापमानाची विपरीतता, फक्त इथे ती हिवाळाभर टिकते आणि फरक 20 अंशांच्याही वर जातो. 'बर्फ हवेत थंडी सोडतो' असं लिहिलंत की ही सगळी साखळी झाकली जाते. ते टाळाच.

अनिकेत : ढग आले की हिशेब किती फिरतो, तेही लेखात येऊ द्या. जुलै 2012 मध्ये ग्रीनलंडचा जवळपास सगळा हिमपृष्ठ वितळला. तेव्हा उबदार हवा तर होतीच, पण द्रव थेंबांचे पातळ, खालचे ढगही होते. सूर्यप्रकाश येऊ देण्याइतके पातळ आणि अवरक्त प्रारण भरपूर परत पाठवण्याइतके दाट. म्हणून 'ढगामुळे गारवा' हे आपल्याकडचं समीकरण तिथे जसंच्या तसं वापरू नका. ताजं हिम ऐंशी-नव्वद टक्के ऊन परतवतं. ढगाने ऊन अडवलं तरी हिमाचं नुकसान थोडं, प्रारणातली मिळकत जास्त.

दर्यावर्दी : लेखात सागरी बर्फाबद्दल असेल तर बर्फ दुभंगून पाणी उघडं पडतं त्या जागेला 'फट' हा साधा शब्द पुरे. पण तिचं महत्त्व आकड्यानेच कळतं. फटीतलं पाणी उणे 1.8 अंशांवर, हवा उणे 30 वर, वारा सेकंदाला 5 मीटर धरा. वाऱ्याचा वेग आणि तापमानातला फरक यांवरून अभिवाह काढणाऱ्या ठोक सूत्राने, हस्तांतर गुणांक 0.0015 घेऊन, संवेद्य उष्म्याचाच अभिवाह चौरस मीटरला सुमारे 310 वॅट येतो. शेजारी 2 मीटर जाडीचा उघडा बर्फ असेल आणि त्याचा माथा हवेइतकाच थंड धरला, तर त्यातून वहनाने जेमतेम 30 वॅट वर येतात. त्यावर 30 सेंटिमीटर घट्ट हिम पडलं की 14-15. हिमाची वाहकता बर्फाच्या सातव्या हिश्शाइतकीच, म्हणून 'बर्फ' आणि 'हिम' हे शब्द या लेखात अदलाबदलीने वापरता येणार नाहीत.

केतकी : 'अप्रकट'बाबत आणखी काही सांभाळायचं आहे का?

हिमरेषा : हो, कशाचा अप्रकट उष्मा ते दर वेळी लिहा. वितळणाचा किलोला 334 किलोज्यूल, संप्लवनाचा (हिमाची थेट वाफ होण्याचा) सुमारे 2,830, बाष्पनाचा 2,500. थंड हिमावर संप्लवन चालू असताना बाष्पनाचा आकडा घातला तर अभिवाह बारा टक्के कमी येतो. चौरस मीटरला 20 वॅट दिवसभर संप्लवनात गेले तर 0.6 मिलिमीटर पाण्याइतकं हिम उडतं. तेच 20 वॅट शून्य अंशावर वितळण्यात गेले तर 5 मिलिमीटरहून जास्त. कोरडा वारा हिमाला असा वाचवतो.

अनिकेत : मोजमापाच्या परिच्छेदात चुका कशा शिरतात तेही असेल, ते गाळू नका. अभिवाह मोजायला लावलेला, ध्वनिलहरींवर चालणारा वायुवेगमापक सेकंदाला 10 ते 20 नोंदी घेतो, सरासरी साधारण अर्ध्या तासाची. त्याच्या टोकांवर हिमकण गोठले की नोंदी तुटक होतात. तापवून ते वितळवलं तर त्या उष्णतेचीच भर अभिवाहात पडते, म्हणून तापवण्याच्या वेळेतल्या नोंदी वगळतात. प्रारणमापकाच्या वरच्या काचेवर हिम साचलं की येणारं ऊन कमी दिसतं आणि परावर्तन शंभर टक्क्यांच्या वर जातं. असा आकडा दिसला की आधी काच पाहावी. आणि खांबावर 2 मीटरला लावलेलं यंत्र हिम साचत गेलं की दीडवर येतं. उंचीची नोंद नसेल तर सूत्रात जुनीच उंची जाते.

केतकी : उघड्या जमिनीतून खाली-वर जाणाऱ्या उष्णतेला 'भूउष्मा' लिहिलं आहे.

हिमरेषा : बदला. 'भूउष्मा' म्हटलं की पृथ्वीच्या पोटातली उष्णता डोळ्यांसमोर येते. ती चौरस मीटरला वॅटच्या शतांशांत मोजतात. तुम्हाला हवं आहे ते 'जमिनीतील उष्मावहन'. उन्हाळ्यात भारताच्या 'मैत्री' या अंटार्क्टिकातल्या स्थानकाजवळच्या शिर्माकर ओअॅसिसमध्ये (बर्फ नसलेल्या उघड्या खडकाळ भागात) काळा खडक ऊन शोषतो आणि हवेला उष्णता देतो. काही अंतरावरचं हिम त्याच वेळी ऊन परतवत असतं. तिथे दिशा पृष्ठभागानुसार बदलते, म्हणून 'अंटार्क्टिकात असं होतं' असं एकच वाक्य पुरत नाही.

दर्यावर्दी : पॉलिन्या (सागरी बर्फाने वेढलेलं उघडं पाणी) हा शब्द तसाच ठेवा, पण प्रकारांची नावं फोडून लिहा. अंटार्क्टिकाच्या टेरा नोव्हा उपसागरात जमिनीवरून येणारा वारा नवा बर्फ सतत दूर लोटतो. पाणी गोठताना सुटणारा अप्रकट उष्मा हवेला जातो. ती 'अप्रकट उष्म्याची पॉलिन्या'. वेडेल समुद्रात 1974 ते 1976 च्या हिवाळ्यांत उघडली ती खालून वर आलेल्या उबदार पाण्यामुळे, म्हणून 'संवेद्य उष्म्याची'. पहिलीत बर्फाचा कारखाना चालू असतो, दुसरीत बर्फ धरतच नाही. नुसतं 'उष्ण पॉलिन्या' लिहिलं तर हा फरक जातो.