पडद्याभोवतीची चौकट आणि पडद्यावरच्या रेघा

नळीतला_उजेड (मूळ लेखन)

एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या प्रणालीवर, जुने व्हिडिओ गेम खेळताना रुंद पडद्यावर चित्राच्या दोन्ही बाजूंना जी जागा उरते, ती भरून काढणाऱ्या चौकटीला आपण बेझल म्हणतो. गेली काही वर्षे मी हौसेने असे बेझल तयार करतो आहे. इतक्या वर्षांनी माझे मत असे झाले आहे की सध्या हातोहात फिरणाऱ्या बेझलपैकी बहुतेकांना खेळापेक्षा स्वतःकडे लक्ष वेधून घ्यायचे असते.

आधी जागेचा हिशेब पाहू. १९२० × १०८० च्या पडद्यावर ४:३ चे चित्र पूर्ण उंचीने मांडले तर ते १४४० पिक्सेल रुंद होते आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेल उरतात. 'पॅक-मॅन'सारख्या उभ्या पडद्याच्या खेळात चित्राची रुंदी ८१० एवढीच होते आणि प्रत्येक बाजूला ५५५ पिक्सेल मोकळे राहतात, म्हणजे निम्म्याहून अधिक पडदा खेळाच्या नव्हे, तर चौकट काढणाऱ्याच्या ताब्यात जातो. या जागेत झळाळती बोधचिन्हे आणि पात्रांची भडक चित्रे कोंबली की डोळा सतत कडेला ओढला जातो. माझ्या मते बेझलची परीक्षा एकच आहे: खेळ सुरू होऊन पाच मिनिटे झाल्यावर तो तिथे आहे हे विसरायला झाले पाहिजे. म्हणून मी खिडकीलगत, म्हणजे चित्रासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेलगत, वीस-तीस पिक्सेलची जवळजवळ काळी कड ठेवतो, चौकटीतला सर्वांत उजळ रंगही मंदच ठेवतो, आणि गडद छटांच्या उतारावर पट्टे दिसू नयेत म्हणून त्यात अगदी बारीक दाणा मिसळतो. खिडकी चित्रापेक्षा दोन पिक्सेल लहान कापली की चित्राची ओबडधोबड कडही झाकली जाते.

दुसरे मत अधिक वादाचे आहे. स्कॅनलाइन, म्हणजे जुन्या टीव्हीवर चित्राच्या ओळींमध्ये दिसणाऱ्या काळ्या रेघा, पीएनजी ओव्हरलेमध्ये, म्हणजे खेळावर अंथरलेल्या स्थिर पारदर्शक चित्रात, कधीही काढू नयेत. पिक्चर ट्यूबवर उजळ ओळ फुगते आणि शेजारची काळी फट जवळजवळ बुजवते, तर अंधारी ओळ बारीक राहते. पीएनजीला खाली कोणते चित्र चालले आहे हे कळत नाही. तो बर्फालाही तेवढेच झाकोळतो आणि गुहेलाही. शिवाय प्लेस्टेशनचे काही खेळ मेनू आला की २४० ओळींवरून ४८० वर जातात. शेडरला, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालून चित्राचे ठिपके बदलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, मूळ चित्राचे माप कळते, पीएनजीच्या रेघा मात्र जिथल्या तिथे राहतात. आतले काम शेडरने करावे आणि बाहेरचे चित्राने, अशी माझी वाटणी आहे.

चौकोनी_ठिपका

आपली मेहनत मान्य, पण मुळातला विचारच मला पटत नाही. जो धूसरपणा, जी वक्र काच आणि ज्या रेघा यांपासून सुटण्यासाठी लोकांनी पैसे मोजून चांगले पडदे घेतले, त्याच गोष्टी आता ग्राफिक्स कार्डाला राबवून परत आणायच्या, ही मला स्मरणरंजनाची वेशभूषा वाटते. त्यात १०८० ओळींच्या पडद्यावर खेळाच्या मूळ २२४ ओळी बसवायला गेलो तर पट ४.८२ येतो. या अपूर्णांकाने ओळींची जाडी कमीजास्त होते, आणि वर वक्रता दिली की पडद्यावर पाण्यासारख्या लहरी उमटतात. म्हणजे खोटा टीव्ही, तोही बिघडलेला.

'सॉनिक'मधल्या धबधब्याचे उदाहरण येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. १९९१ च्या त्या खेळात धबधबा उभ्या पट्ट्यांचा आहे आणि सगळे रंग एकत्र नेणाऱ्या कंपोझिट तारेतून जाताना त्या पट्ट्या एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक दिसते, हे खरे आहे. पण त्याच मेगा ड्राइव्ह यंत्रातून लाल, हिरवा, निळा वेगवेगळे नेणारा आरजीबी संकेतही निघत असे आणि युरोपातल्या अनेक घरांत तो स्कार्ट तारेने टीव्हीला जोडलेला असे. त्या मुलांना पट्ट्या स्वच्छ दिसत होत्या. मग त्यांनी पाहिलेला खेळ खोटा होता का? मी पूर्णांकाच्या पटीत, कोणताही शेडर न लावता आणि भोवती साधा काळा रंग ठेवून खेळतो. चित्रकाराने जो ठिपका ठेवला, तोच मला दिसतो.

अर्धा_आरसा

ठिपकेराव, घरगुती यंत्रांपुरते आपले म्हणणे एक वेळ मान्य करता येईल. आर्केडला, म्हणजे पार्लरमधल्या नाणे टाकून खेळायच्या यंत्रांना, ते लागू केले तर खेळाचा अर्धा भाग गळून पडतो. १९७२ च्या मॅग्नावॉक्स ओडिसीसोबत टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे रंगीत पारदर्शक पडदे मिळत, कारण त्या यंत्राला प्रकाशाचे ठिपके आणि एक रेघ यांपलीकडे फारसे काही काढता येत नसे. १९७६ च्या 'ब्रेकआउट'मध्ये विटांचे रंग मॉनिटरचे नव्हतेच. कृष्णधवल पडद्यावर रंगीत पट्ट्या लावलेल्या होत्या. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'च्या उभ्या कॅबिनेटमध्ये तर चित्र थेट दिसतच नसे. अर्धपारदर्शक आरशात त्याचे प्रतिबिंब पडे आणि मागे रंगवलेला चंद्र दिसे, त्यामुळे आक्रमक त्या चंद्रभूमीसमोर तरंगत आहेत असे वाटे. खाली तोफेजवळ हिरवी पट्टी होती आणि वर उडती तबकडी जिथून जाते तिथे तांबूस. या खेळातला 'शुद्ध ठिपका' घेऊन बसलात तर हाती पांढरे किडे उरतात.

मूळ लेखकालाही एक दुरुस्ती सुचवतो. आतले शेडरला, बाहेरचे चित्राला, ही वाटणी इथे कोलमडते. रंगीत पट्टी आतलीच वस्तू आहे आणि चंद्रही. मेम या आर्केड एम्युलेटरमधील कलाकृतीच्या जुन्या मांडणीत यासाठी तीन वेगळे प्रकार होते: मागचे चित्र खेळाच्या प्रकाशात मिळवले जाई, रंगीत पडदा प्रकाशाला गुणत असे आणि बेझल वरून झाकत असे. हा फरक मोलाचा आहे. जिलेटिनच्या कागदामागे काळे असेल तर ते काळेच राहते, कारण गाळायला प्रकाशच नसतो. एम्युलेटर चालवणाऱ्या रेट्रोआर्क प्रणालीच्या साध्या ओव्हरलेमध्ये हिरवा थर अर्धपारदर्शक करून टाकला की काळे आकाशही हिरवट दिसते आणि सगळा परिणाम नासतो. असे डझनभर बेझल मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी चडफडलो आहे.

चौकोनी_ठिपका

आर्केडचा मुद्दा मागे घेतो. तिथे चौकट हा यंत्राचाच भाग होता. पण घरच्या टीव्हीची लाकडी पेटी, बाजूला बटणे, त्यावर चित्राचे खोटे प्रतिबिंब, आणि मागे पोस्टर लावलेली मुलांची खोली रंगवणे हे कोणत्या यंत्राचा भाग होते?

जुनाट_बोर्ड

पीएनजी रेघांवर घातलेली सरसकट बंदी मला श्रीमंतांच्या सल्ल्यासारखी वाटली. माझ्याकडे रास्पबेरी पाय ३ हा छोटा, स्वस्त संगणक आहे आणि खिशात मावणारे एक ६४० × ४८० पडद्याचे यंत्र आहे. जे भारी शेडर आपण गृहीत धरता, ते यावर लावले की खेळ अडखळतो आणि आवाज तुटतो. उलट पीएनजी ओव्हरले जवळजवळ फुकटात पडतो. २४० ओळींचे चित्र ४८० वर नेमके दुप्पट होते, म्हणजे एक ओळ चित्राची आणि एक रेघेची. उजळ ओळ फुगते हे तत्त्व मान्य, पण फुगायला जागा एका पिक्सेलची! तिथे जाडीचा फरक दाखवणार कुठे?

रविवारची_कॅसेट

मला वेगळीच शंका आहे. आपण सगळे कोणाच्या टीव्हीबद्दल बोलतो आहोत? उपलब्ध शेडर पाहिले तर एका बाजूला सोनीच्या ट्रिनिट्रॉन पिक्चर ट्यूबच्या उभ्या जाळीची नक्कल आहे आणि दुसऱ्या बाजूला अमेरिकी व जपानी एनटीएससी टीव्ही संकेताची. नव्वदच्या दशकात आमच्या घरी आलेला व्हिडिओ गेम निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राची नक्कल होता. त्याच्या काडतुसाला आम्ही कॅसेट म्हणत असू, आणि तो अँटेनाच्या तारेने, टीव्हीचा चॅनेल खुंटीने जुळवून लावला जाई. त्यात शेजाऱ्यांचा मिक्सर सुरू झाला की पडद्यावर मुंग्या येत. आपल्याकडे ६२५ ओळींची, ५० हर्ट्झची पाल टीव्ही पद्धत होती. एका क्षेत्रात, म्हणजे अर्ध्या ओळींच्या एका फेरीत, चित्रासाठीच्या ओळी २८८ असत आणि खेळ २४० भरत असे, त्यामुळे वरखाली थोडी काळी पट्टी राही आणि चित्र किंचित बसके दिसे. आमचा नायक बुटकाच होता. आज रेट्रोआर्कमध्ये ४:३ चे पूर्ण उंचीचे, जाळीदार, रेखीव चित्र पाहिले की ते सुंदर वाटते, पण ओळखीचे वाटत नाही. मग 'अस्सल' हा शब्द आपण कोणत्या हक्काने वापरतो?

आर्केडचेही तेच. आमच्या तालुक्याच्या पार्लरमधली कॅबिनेट स्थानिक सुताराने केलेली होती, वर सनमायका, आणि पडद्याभोवती काळा पुठ्ठा. आतला बोर्ड बदलला तरी पुठ्ठा तोच राहायचा. मूळ जपानी बेझल मी प्रथम संगणकावर पाहिला.

नळीतला_उजेड

अर्धा_आरसा यांची दुरुस्ती पूर्ण मान्य. गुणाकाराचे काम शेडरमध्येच करायला हवे, आणि रंगीत पट्टीचे चित्र शेडरला स्वतंत्र फाइल म्हणून देता येते. माझी वाटणी 'आत-बाहेर' अशी नसून 'प्रकाशाला हात लावणारे आणि न लावणारे' अशी हवी होती.

जुनाट_बोर्ड यांना मात्र अर्धेच मान्य करतो. दुप्पट पटीत जाडी बदलायला जागा नाही हे खरे, पण गडदपणा बदलता येतो: उजळ ओळीखालची रेघ फिकट आणि अंधाऱ्या ओळीखालची गडद. एवढा हिशेब करणारे हलके शेडर आहेत आणि 'सीआरटी-पाय' तर नावाप्रमाणे आपल्याच बोर्डासाठी लिहिलेला आहे. वक्रता बंद ठेवून तो एकदा लावून पाहावा. तरीही खेळ अडखळत असेल तर पीएनजी वापरा, मी 'कधीही' हा शब्द मागे घेतो.

ठिपक्यांच्या शुद्धतेविषयी एक प्रश्न विचारतो. गेम बॉय ॲडव्हान्स या हातातल्या खेळयंत्राच्या पहिल्या आवृत्तीच्या पडद्याला स्वतःचा दिवा नव्हता. त्या मंद पडद्यावर काही दिसावे म्हणून अनेक खेळांत रंग मुद्दाम उजळ आणि भडक ठेवले गेले. तेच आकडे आजच्या उजळ पडद्यावर जसेच्या तसे दाखवले तर जे दिसते ते चित्रकाराने ठेवलेले चित्र कसे? फाइलमधला आकडा आणि डोळ्यापर्यंत पोहोचणारा रंग यांच्यामध्ये यंत्र होते. ते वगळले तर उरतो तो कच्चा माल.

चौकोनी_ठिपका

उदाहरण चांगले आहे, पण ते रंगदुरुस्तीच्या बाजूने जाते, बेझलच्या नव्हे. त्याच यंत्राचे २४० × १६० चे चित्र ७२० × ४८० च्या पडद्यावर नेमके तिप्पट होऊन कडेपर्यंत भरते. चौकटीला जागाच उरत नाही आणि कोणाचे काही अडतही नाही. रंगदुरुस्तीचा शेडर मी आजपासून लावीन, हे कबूल.

दोन गोष्टी मात्र आपण टाळल्या. एक म्हणजे, पिक्चर ट्यूबवर प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझत असे, म्हणून धावते चित्र स्वच्छ दिसे. एलसीडी पडदा चित्र पुढच्या फ्रेमपर्यंत धरून ठेवतो, आणि धावपळ सुरू झाली की तुमच्या सुबक रेघा आणि जाळी सगळे पुसट होते. थांबलेल्या चित्रावर भुलवणारा शेडर चालत्या खेळात तेवढा उरत नाही. मध्ये काळ्या फ्रेम घातल्या तर फरक पडतो, पण आधीच रेघांनी उजेड खाल्लेला असतो, त्यात ही भर. दुसरी गोष्ट पैशांची आहे. ओएलईडी पडद्यावर तीच चौकट रोज तासन्तास राहिली तर तिचा ठसा उमटण्याचा धोका असतो.

नळीतला_उजेड

उजेडाची तक्रार रास्त आहे. रेघा आणि जाळी मिळून निम्म्याहून अधिक प्रकाश खाऊ शकतात, म्हणून माझ्या चौकटी गडद असतात: आतले चित्र मंद झाले तरी भोवती त्याहून मंद असेल तर ते उजळच भासते. भोवती शुद्ध काळा ठेवूनही हे साधते, हे आपण म्हणणारच, आणि त्यावर माझ्याकडे फारसे उत्तर नाही. ओएलईडीच्या बाबतीत आपलेच काळे बरे.

रविवारची_कॅसेट, आपला बुटका नायक डोक्यातून जात नाही. १०८० च्या पडद्यावर २८८ पैकी २४० ओळी म्हणजे ९०० पिक्सेल उंची. १४४० × ९०० चे चित्र, वरखाली नव्वद-नव्वदची काळी पट्टी, ट्रिनिट्रॉनची जाळी काढून साधी ठिपक्यांची जाळी, आणि आडवा धूसरपणा वाढवलेला. चौकट काय ठेवू? पुठ्ठा की पेटी?

रविवारची_कॅसेट

चौकट करड्या प्लास्टिकची ठेवा, त्यावर काही लिहू नका. पट्टी मात्र नव्वदची नको, साठ-सत्तरचीच करा. कारण टीव्हीची पेटी चित्राच्या कडा थोड्या खात असे, आणि ती काळी पट्टी मला आठवते त्यापेक्षा जाड दिसली तर मी पुन्हा तक्रार करायला येईन. मुंग्यांसाठी वेगळी कळ द्या. मिक्सर रोज चालत नसे.