मीठ राजाचं की रयतेचं? इंग्लंडच्या यादवीतले राजनिष्ठ

धागाकर्ता:
इंग्लंडमधल्या १६४२च्या यादवीचा, म्हणजे राजा विरुद्ध पार्लमेंट लढाईचा विषय निघाला की राजाकडचे सगळे माजोरडे सरदार, असं धरूनच लोक बोलतात. मला नाही पटत. सर एडमंड व्हर्नी बघा, राजा चार्ल्सचा निशाणदार. मनातून त्याला राजाचं भांडणच पटलेलं नव्हतं, राजाने नमतं घ्यावं असं तो बोलूनही दाखवायचा, पण म्हणाला की जवळजवळ ३० वर्षं ह्याचं अन्न खाल्लंय, आता सोडून जाणं नीचपणा होईल. २३ ऑक्टोबरला एजहिलच्या लढाईत निशाण सांभाळतानाच पडला. थोरला मुलगा राल्फ तेव्हा पार्लमेंटच्या बाजूला! बापाचं प्रेतही सापडलं नाही. खाल्ल्या मिठाला जागणं ते हेच ना?

घाटावरचा:
पण मीठ कुणाचं? राजाने ११ वर्षं पार्लमेंट भरवलं नाही, आरमारासाठी बंदरांवर बसवायचा कर समुद्रापासून लांबच्या गावांवरही लादला. ते अन्न रयतेचं होतं हो. आणि मे १६४५मध्ये ह्याच राजनिष्ठांनी लेस्टर शहर लुटलं, ते कुठल्या मिठाला जागून?

धागाकर्ता:
लेस्टरचं समर्थन मी करणारच नाही. पण पुढच्याच महिन्यात नेस्बीची लढाई जिंकल्यावर पार्लमेंटच्या शिपायांनी राजाच्या तळावरच्या बायका कापल्या, तेही लिहा की मग.

जुनी वही:
नेस्बीलाच राजाची पत्रांची पेटी सापडली ना, पार्लमेंटने ती पत्रं छापली. आयर्लंडमधून, परदेशातून कॅथलिक फौजा आणायचा खटाटोप त्यात उघडा पडला. इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चसाठी लढतोय म्हणून घरदार पणाला लावलेल्या साध्या माणसाने ते वाचलं असेल तेव्हा काय झालं असेल त्याचं? मला राग राजाचा येतो, त्या लोकांचा नाही.

घाटावरचा:
मला दोघांचाही येतो. हरून कैदेत असताना राजाने स्कॉटलंडवाल्यांशी गुपचूप करार केला, १६४८ला परत युद्ध, आणि हे परत त्याच्यासाठी उठले. एकदा फसलेला माणूस समजू शकतो, पण पत्रं छापून ३ वर्षं झाली होती!

धागाकर्ता:
मान्य, १६४८चं मलाही अवघड जातं. पण राल्फचं पुढे काय झालं बघा, धर्माबद्दलची पार्लमेंटची शपथ घ्यायला तो नाही म्हणाला, फ्रान्सला जावं लागलं, मिळकतीवर जप्ती आली, आणि ती पार्लमेंटनेच आणली.