शब्दचर्चा : सीवीड आणि सीग्रास, दोन्हींना 'शेवाळ' चालेल का?

प्रश्न
डुगाँग म्हणजे समुद्री गाय, या सागरी सस्तन प्राण्यावरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. तमिळनाडूने २०२२ साली पाल्कच्या उपसागरात या प्राण्यासाठी ४४८ चौ. किमीचं संवर्धन क्षेत्र जाहीर केलं, त्याबद्दलचा लेख आहे. त्यात 'सीवीड' आणि 'सीग्रास' असे दोन्ही शब्द येतात. दोन्हींसाठी 'समुद्री शेवाळ' लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद
नाही चालणार, आणि या लेखात तर मुळीच नको. डुगाँग चरतो तो सीग्रासवर. 'शेवाळ' लिहिलंत तर वाचकाच्या डोळ्यासमोर निसरडे खडक येतील आणि लेखाचा गाभाच हरवेल.

सीग्रासला 'सागरी गवत' म्हणा. ही खरीखुरी सपुष्प वनस्पती आहे. तिला वाळूत रुतलेली मुळं असतात, आडवं वाढणारं खोड असतं, फुलं येतात, परागकण पाण्यातून वाहत जातात आणि बीही धरतं. डुगाँग हे गवत मुळासकट उपटून खातो, त्यामुळे तळावर त्याच्या चरण्याच्या वाटा दिसतात. हॅलोफिला या सागरी गवताचं पान तर लहानसं, लंबगोल असतं. पाहणाऱ्याला ते गवत वाटतच नाही, तरी गणना त्यातच होते.

सीवीड म्हणजे शैवाल. त्याला मूळ, खोड, पान यांपैकी काही नाही. बुडाशी मुळासारखा भाग दिसतो, पण त्याचं काम फक्त खडक धरून ठेवायचं. अन्नपाणी सगळ्या अंगाने शोषलं जातं. ओहोटीला खडकावर हिरवं, प्लास्टिकच्या पातळ कागदासारखं अल्वा दिसतं ना, त्याची जाडी अवघी दोन पेशींची असते. तपकिरी सरगॅसमला मण्यांएवढे हवेचे फुगे असतात, त्यांच्या जोरावर ते पाण्यात उभं राहतं.

काही जण 'समुद्री तण' लिहितात, तो शब्द कृपा करून टाळा. तण म्हणजे शेतात नको असताना उगवलेलं. इथे नको असलेलं काहीच नाही.

प्रतिसाद
'शैवाल' की 'शेवाळ' हेही ठरवून घ्या. बोलताना आपण विहिरीच्या पायरीवरच्या हिरव्या बुळबुळीतालाही शेवाळ म्हणतो आणि पावसाळ्यात भिंतीवर येणाऱ्या मखमलीलाही, जे खरं तर मॉस असतं. म्हणून शास्त्रीय मजकुरात 'सागरी शैवाल' बरं. विश्वकोशात 'शैवले' असं अनेकवचन आहे, तेही मला आवडतं. गोष्टीत किंवा संवादात मात्र खुशाल शेवाळ.

आणि टंकताना जपा! 'शेवळं' ही पहिल्या पावसानंतर येणारी रानभाजी आहे, काकडं ही आंबट रानफळं घालून शिजवायची, नाहीतर घसा खाजतो. एका कान्याने समुद्रातून थेट डोंगरात जाल.

प्रश्नकर्ती
खूप आभार, 'सागरी गवत' नक्की केलं. मग 'चायना ग्रास'चं काय? तेही गवतच का?

प्रतिसाद
नावापुरतंच, ताई. चायना ग्रास म्हणजे अगर, आणि ते जेलिडियम, ग्रासिलेरिया अशा लाल शैवालांपासून काढतात. दुधात घालताना आधी पाण्यात चांगलं उकळून पूर्ण विरघळवावं लागतं. मग गार होताना ते फ्रीजबाहेरही घट्ट होतं आणि एकदा घट्ट झालं की उन्हाळ्यातही वितळत नाही. जिलेटिन प्राणिजन्य, हे शाकाहारी. नाव घरोघरी रुळलं आहे, ते बदलायच्या फंदात पडू नका.

प्रश्नकर्ती
शेवटची शंका. त्याच लेखात मॅन्ग्रोव्ह आहे. खारफुटी की कांदळवन?

प्रतिसाद
दोन्ही चालतात. वनविभागाच्या कक्षाचं नावही 'कांदळवन कक्ष' आहे. फक्त 'कांदळ' एकटं लिहू नका, कारण ते एका विशिष्ट झाडाचं नाव आहे. त्याची मुळं खोडातून कमानीसारखी चिखलात उतरतात आणि बी झाडावर असतानाच रुजून शेंगेसारखं लोंबतं. तिवर वेगळं, त्याची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात. चिप्पी तिसरी, २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष ठरवलं. लेखात एकाच जातीबद्दल वाक्य असेल तर तिचं नाव लिहा, सरसकट असेल तर खारफुटी.

प्रतिसाद
किनाऱ्यावरच्या वाळूतल्या वेलीचा उल्लेख आला तर नवा शब्द घडवू नका. जांभळ्या फुलांची, टोकाशी दुभंगलेल्या पानांची ती वेल म्हणजे 'मर्यादवेल', आणि काटेरी गोंडे वाऱ्यावर गडगडत जातात त्या 'रावणाच्या मिशा'.