अनुभव धागा: गावच्या पाण्याची लोकवर्गणी

परवा गावी घरासमोर जलजीवनचा नळ बसला. तोटी चकचकीत, पाणी यायचंय. आईनं लगेच जुन्या जलस्वराज्य पाणीयोजनेचा विषय काढला. त्यात खर्चाचा १० टक्के वाटा गावानं उचलायचा होता. रोख नसेल त्यानं चर खोदायला यायचं. टाकी कुठं बांधायची यावरून महिला ग्रामसभेत आई आणि चुलतीची अशी जुंपली की ग्रामसेवक वही मिटून चहाला गेले. पण पैसे घातलेले, म्हणून चराची खोली बायका स्वतः हातानं मोजायच्या. तुमच्याकडं काय झालं?

कापूसकोंड्या: भांडण कोण जिंकलं ते सांगा आधी

धागाकर्ती: चुलती. टाकी तिच्याच घरामागं हाय 😄

बांधावरून: आमची वर्गणी ठेकेदारानंच भरली, गावाच्या नावानं. लोक खूश. मग पाइप वीतभर खोल टाकला, नांगराला लागायला लागला, तर बोलायला तोंड कुणाला? पण ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत त्याच्याकडं वर्गणी मागायची, हेही मला कधी पटलं नाही.

मांजराकाठ: १२ एप्रिल २०१६. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला, १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्याआधी पाणी भरायच्या जागी जमावबंदी! आमच्या गल्लीत टँकरचे नंबर सासूबाई वहीत लिहायच्या. त्यांच्यापुढं नगरसेवकपण रांगेत.

कापूसकोंड्या: सासूबाईंना उभं करा पुढच्या वेळी

मांजराकाठ: नको, घरातच आचारसंहिता लागंल

औसेकर: पाणी नाही, घराचं सांगतो. १९९३ च्या भूकंपानंतर ज्यांची घरं दुरुस्तीत होती त्यांना हप्त्यानं पैसे मिळायचे, काम आपलं आपण करून घ्यायचं. गावातल्याच बायका संवाद सहायक, म्हणजे घर कसं बांधायचं ते घरोघरी समजावणाऱ्या. त्यातली एक मावशी आजोबांना म्हणली, काका, दगडमातीच्या भिंतींवर पुन्हा मातीचं जड माळवद नको. आजोबा चिडले, आठवडाभर बोलले नाहीत, पण ऐकलं. (डबा आलाय, बाकी नंतर)

गोदाकाठची: संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात कर भरणाऱ्याला दळण फुकट. आमचे सरपंच बघून आले, गिरणी आणली. लाइटबिल कोण भरणार यावर अडली. आता तिथं शेळ्या बांधतेत.

बांधावरून: मग दळण कुठं नेता?

गोदाकाठची: तालुक्याला. गव्हावर ज्वारी टाकतो मेला, भाकरी थापताना चिरते

धागाकर्ती: पहिलं पायलीभर दुसऱ्याचं होऊ द्यायचं, मग आपलं टाकायचं

औसेकर: आलो. कुठवर सांगितलं होतं?