२०२५ मधला तुमचा अख्खा ऐकलेला रॉक अल्बम आणि तुमची कॉन्सर्ट कोणती?

रिफवेडा

वर्ष संपत आलं, सिनेमांचे आणि पुस्तकांचे धागे निघाले पण रॉकचा कोणीच काढला नाही म्हणून मी काढतोय. एकच विनंती, रीलवर ऐकलेलं एखादं गाणं नको, अख्खा अल्बम सांगा, पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत सलग ऐकलेला, आणि एक कॉन्सर्ट, मैदानात उभं राहून बघितलेली असो नाहीतर घरी स्क्रीनवर. आणि का आवडली ते लिहा राव, नुसती नावं टाकून पळू नका.

माझा अल्बम स्टीव्हन विल्सनचा 'द ओव्हरव्ह्यू'. मार्चमध्ये आला. ४२ मिनिटांच्या आसपास आहे आणि त्यात गाणी दोनच, एक २३ मिनिटांचं आणि दुसरं १८ मिनिटांचं. अवकाशातून पृथ्वीकडे बघितल्यावर अंतराळवीरांच्या मनात जी उलथापालथ होते ना, आपण किती चिमुकले आहोत ही जाणीव, त्यावर सगळा अल्बम बेतलाय. पहिल्या गाण्याच्या एका भागाचे शब्द एक्सटीसी बँडच्या अँडी पार्ट्रिजने लिहिलेत, एकीकडे माणसांच्या रोजच्या बारीकसारीक कटकटी चाललेल्या आणि त्याच ओळीत लांब कुठेतरी तारे जन्मतायत, मरतायत. आणि त्याच गाण्याच्या शेवटी रँडी मॅकस्टाइनचा गिटार सोलो आहे, तो असा वर वर चढत जातो की पहिल्यांदा ऐकताना मी हातातलं काम खाली ठेवलं. हा अल्बम तुकड्यातुकड्यात ऐकून काही हाती लागत नाही, बसावंच लागतं.

कॉन्सर्ट, गन्स एन' रोझेस, १७ मे, महालक्ष्मी रेसकोर्स. २०१२ ला बँड भारतात आला होता पण तेव्हा गिटारवाला स्लॅश नव्हता, बेसवाला डफ नव्हता, म्हणजे गायक ॲक्सलसकट पोस्टरवरचे ते तिघं एकत्र इथे पहिल्यांदाच. मे महिन्यातली मुंबई, अंगाला शर्ट चिकटलेला, पाण्यासाठी रांगा, आणि तरी कोणी हललं नाही. ॲक्सलचा आवाज वरच्या पट्टीत आता पातळ लागतो हे खरंय, त्यावरून लोकांनी नंतर बरीच टिंगल केली, मला ती पटली नाही. साठी ओलांडलेला माणूस रात्रभर पळत पळत गातोय आणि 'नोव्हेंबर रेन'ला पियानोवर बसला की आख्खं मैदान त्याच्यासाठी वरचे सूर लावतंय, याला मी कमीपणा म्हणणार नाही. आणि स्लॅश! त्याच्या बोटांना वय नाही. 'पॅराडाइज सिटी' संपलं तेव्हा माझ्या शेजारी बाप आणि कॉलेजातली मुलगी एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते.

आता तुम्ही सांगा.

बेसवाली

मस्त धागा दादा. विल्सन मलाही आवडतो, पण दरवर्षी आपण त्याच त्या चार-पाच जुन्या नावांभोवती फेर धरतो याचं मला वाईट वाटतं, कारण हे वर्ष माझ्या मते टर्नस्टाइलचं होतं. बाल्टिमोरची पोरं, मूळची हार्डकोर पंकवाली. ६ जूनला 'नेव्हर इनफ' आला आणि त्यात काय काय आहे, दणदणीत दीड-दोन मिनिटांची गाणी आहेत, मधेच सिंथचे तरंगणारे लांबलचक तुकडे आहेत, 'सनशॉवर'मध्ये तर वादळ थांबल्यासारखी शबाका नावाच्या वादकाची बासरी येते. पंकवाल्यांनी बासरी घेतली म्हणून काही जण चिडले. मला उलट वाटतं की रागाबरोबर जरा मोकळा श्वास पण हवा, तो या लोकांना सापडलाय.

आणि माझी कॉन्सर्ट पण त्यांचीच, स्क्रीनवर बघितलेली. अल्बम यायच्या आधी १० मे ला त्यांनी स्वतःच्या गावात, बाल्टिमोरच्या वायमन पार्क डेलमध्ये फुकट कार्यक्रम केला. तिकीट नाही, लोकांनी जमेल तेवढी देणगी द्यायची आणि ती बेघर लोकांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला. व्हिडिओ बघा, स्टेज आणि लोक यांच्यात अंतरच नाही, पोरं वर चढतायत, उड्या मारतायत, खालचे झेलतायत. आपल्याकडे स्टेजपासून पहिल्या रांगेपर्यंत एवढी मोकळी जागा आणि पुढे महागड्या तिकिटवाल्यांचा पिंजरा, त्यामुळे असा प्रकार बघितला की पोटात कालवाकालव होते.

अख्खा अल्बम मात्र मी सगळ्यात जास्त वेळा डेफ्टोन्सचा 'प्रायव्हेट म्युझिक' ऐकला. ऑगस्टमध्ये आला, आधीच्या 'ओम्स'नंतर पाच वर्षांनी. मी बेस वाजवते त्यामुळे माझा कान आधी तिकडे जातो. त्यांचा पहिला बेसवाला ची चेंग गेला, मग आलेला सर्जिओ वेगा सोडून गेला, आता फ्रेड साब्लान आहे, आणि तो उगाच पुढे पुढे करत नाही, स्टीफन कार्पेंटरच्या त्या जाड गिटारच्या खाली जमीन धरून ठेवतो. वर चिनो अर्धवट झोपेत बोलल्यासारखा गातो आणि अचानक किंचाळतो. 'माय माइंड इज अ माउंटन'ने सुरू होतो आणि पुढे एकही गाणं पुढे ढकलावंसं वाटलं नाही. हेडफोनवर नको, चांगले स्पीकर असतील तर त्यावर ऐका, खालची पट्टी छातीत जाणवली पाहिजे.

वेल्सवासी

मी कार्डिफला असतो त्यामुळे माझं उत्तर तुम्हाला माहितीच असेल. ४ जुलै, प्रिन्सिपॅलिटी स्टेडियम, ओअॅसिस. २००९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला भांडून वेगळे झालेले दोघं भाऊ, सोळा वर्षं एकमेकांना मुलाखतींतून शिव्या देणारे, हातात हात घालून स्टेजवर आले. 'हॅलो'ने सुरुवात. त्यानंतर मला गॅलघर बंधूंचा आवाज कमी आणि लोकांचाच जास्त ऐकू आला, प्रत्येक शब्द, अगदी बी-साइड गाण्यांचे सुद्धा. 'सिगारेट्स अँड अल्कोहोल'ला लियमने सगळ्यांना स्टेजकडे पाठ करायला लावली, शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकून उड्या मारायच्या, मँचेस्टर सिटीच्या प्रेक्षकांची पद्धत आहे ती. एका बाजूला अनोळखी वेल्श आजोबा, दुसऱ्या बाजूला माझी बायको, आणि तिला ओअॅसिसचं एकच गाणं माहीत होतं, तरी ती पण सगळ्यांबरोबर उड्या मारत होती.

एक क्षण मात्र वेगळा होता. आदल्याच दिवशी लिव्हरपूलचा फुटबॉलपटू दियोगो जोटा अपघातात गेला होता. 'लिव्ह फॉरएव्हर'च्या शेवटी मागच्या पडद्यावर त्याचा फोटो आला. मँचेस्टरचे, सिटीचे कट्टर भाऊ आणि फोटो लिव्हरपूलच्या खेळाडूचा. इथे राहणाऱ्यालाच कळेल ते किती मोठं आहे.

बेसवाली, जुन्या नावांबद्दल तुमचं म्हणणं समजतं. पण तिथे निम्मी गर्दी अशी होती की बँड फुटला तेव्हा त्यांचा जन्मही झाला नसेल नाहीतर रांगत असतील. त्यांच्यासाठी ती गाणी जुनी नव्हतीच.

सातवी_तार

वेल्सवासी, तुम्ही कार्डिफला होतात आणि दुसऱ्याच दिवशी, ५ जुलैला, तिकडे बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर 'बॅक टू द बिगिनिंग' होतं, ऑझी ऑस्बोर्न आणि त्याच्या ब्लॅक सॅबथ बँडचा निरोपाचा कार्यक्रम. एका वीकेंडला ब्रिटनमध्ये एवढं सगळं! मी नाशिकला मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत लाइव्हस्ट्रीमवर बघितलं, पहाटेपर्यंत जागून.

मेटलिका, स्लेयर, टूल, पँटेरा, गोजिरा, गन्स एन' रोझेस सगळे एका दिवसात, प्रत्येक जण सॅबथची गाणी वाजवून जातोय, टॉम मोरेलोने सगळी जुळवाजुळव केलेली. पण मला लिहायचंय ते शेवटच्या भागाबद्दल. ऑझीला पार्किन्सन्स, त्याला उभं राहता येत नाही, तो काळ्या सिंहासनावर बसून खालून वर आला. आधी स्वतःची पाच गाणी म्हटली. 'मामा आय'म कमिंग होम'ला त्याचा सूर हलला, डोळे भरले, आणि लोकांनी ते गाणं उचलून धरलं. मग सॅबथचे मूळ चौघं, ऑझी, टोनी आयोमी, गीझर बटलर, बिल वॉर्ड, वीस वर्षांनी एकत्र. गाणी फक्त चार. 'वॉर पिग्ज'चा सायरन वाजला आणि आमच्या खोलीत कोणी बोलेना.

हे सगळे तिथलेच, कारखान्यांच्या वस्तीतली कामगारांची पोरं. ऑझीचं लहानपणीचं घर स्टेडियमच्या जवळच, गीझर जन्माचा तिथल्या ॲस्टन व्हिला फुटबॉल क्लबचा पाठीराखा. आयोमी १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली हात गेला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटंच गेली. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैलही सोडल्या म्हणजे दाबायला कमी जोर लागेल. तो जो खालचा जाड आवाज आपण हेवी मेटल म्हणून ओळखतो त्यात या दुखण्याचा मोठा वाटा आहे. बेसवाली ताईला डेफ्टोन्समध्ये जी खालची पट्टी छातीत जाणवते ना, तिचा उगम इथे.

२२ जुलैला ऑझी गेला. कॉन्सर्टनंतर सतरा दिवसांनी. त्या दिवशी जमलेला पैसा पार्किन्सन्सच्या संशोधनाला आणि बर्मिंगहॅममधल्या मुलांच्या रुग्णालयाला आणि हॉस्पिसला जाणार होता. माझ्यासाठी वर्षातली कॉन्सर्ट हीच, दुसरी कुठली असूच शकत नाही.

कोल्हापुरी_डबलबास

लई भारी लिहिलंय सगळ्यांनी. सातवी_तार भावा, वाचताना अंगावर काटा आला.

माझा अल्बम ड्रीम थिएटरचा 'पॅरासोम्निया'. त्यांचा जुना ड्रमर माइक पोर्टनॉय परत आला हो! २००९ च्या अल्बमनंतर पहिल्यांदा. मधल्या काळातला ड्रमर मँगिनी पण तोडीस तोड वाजवायचा, त्याला नावं ठेवणार नाही, पण पोर्टनॉय ड्रमवर बसला की गाण्याला चाल येते, नुसतं गणित राहत नाही. विषय झोपेचे विकार, भीतीदायक स्वप्नं, झोपेत चालणं असलं सगळं. शेवटचं 'द शॅडो मॅन इन्सिडंट' १९ मिनिटांचं हाय, ते रात्री अंधारात ऐका. आणि 'बेंड द क्लॉक'मधला पेत्रुचीचा गिटार सोलो, बास, पुढं काय बोलायचं.

दुसरं नाव आपल्याकडचं, दिल्लीच्या ब्लडीवुडचा 'नु दिल्ली'. आठच गाणी. ढोल हाय, बासरी हाय, हिंदी-पंजाबी हाय, रॅप हाय, आणि जपानच्या बेबीमेटलबरोबर 'बेखौफ' नावाचं गाणं हाय. काही मित्र म्हणतात गिमिक हाय सगळं. मला नाही वाटत. 'तडका' ऐका, खाण्यावरचं गाणं, पण ढोलाचा ठोका आणि डबल बास ड्रम एकमेकांत अशी बसल्यात की कुठला कुठं संपतो ते कळत नाही. ढोल उगाच वर शोभेला लावलेला नाही, गाणं त्याच्यावरच उभं हाय. मी आमच्या इथं मंडळात हलगी वाजवतो, घरी ड्रम वाजवतो. हलगीची ती कडक टिपरी आणि खाली घुमकं, त्यावर सात तारांची गिटार, असं कोणीतरी मन लावून करायला पाहिजे. चार पोरं मिळाली तर मी तयार हाय, इचलकरंजी-सांगलीकडचे कोणी असतील तर मेसेज टाका.

रंगभवनवाला

तरुण मंडळी, वाचून आनंद झाला. धागाकर्त्याला विचारून घेतो, जुन्या रेकॉर्डिंगचं नवं मिक्स चालेल का? चालत असेल तर माझा अल्बम 'पिंक फ्लॉइड अॅट पाँपेई'. १९७१ च्या ऑक्टोबरात त्या प्राचीन रोमन प्रेक्षागृहात एकही प्रेक्षक नसताना वाजवलेलं. मे महिन्यात ते स्टीव्हन विल्सनच्या नव्या मिक्समध्ये रीतसर अल्बम म्हणून निघालं. इतकी वर्षं घासून गुळगुळीत झालेल्या व्हिडिओ कॅसेटवर ऐकलेलं 'एकोज', त्यात रिक राइटचा ऑर्गन आणि गिलमोरची गिटार अशा वेगवेगळ्या ऐकू येतील असं वाटलं नव्हतं. दोघांचे आवाज एकत्र गातात तिथे तर मी खुर्चीत सरळ बसलो.

कॉन्सर्टच्या बाबतीत मला एक सांगायचंय. आमच्या वेळी धोबी तलावला रंगभवन होतं, झेव्हियर्सच्या शेजारी, उघड्यावरचं. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक तिथे व्हायचं, रॉक मशीनसारखे बँड तिथेच मोठे झाले. लोकलने यायचं, स्वस्तात तिकीट, सीएसटीवरून शेवटची गाडी पकडून घरी. येताना ऱ्हिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानात चक्कर व्हायचीच. पुढे सायलेन्स झोनच्या नियमात रंगभवनचे कार्यक्रम बंद पडले, २०१६ ला ऱ्हिदम हाउसही गेलं. आज मुंबईत परदेशी बँड येतात, कोल्डप्लेने जानेवारीत नेरूळचं स्टेडियम तीन रात्री भरवलं, मार्चमध्ये ग्रीन डे महालक्ष्मीला येऊन गेले, मग गन्स एन' रोझेस. छान आहे. पण पाचशे-हजार माणसांची, कायमची, परवडणारी, रॉकसाठीची जागा कुठाय? कोल्हापूरच्या या मुलाने चार जण जमवून हलगीचा बँड काढला तर त्याने मुंबईत येऊन वाजवायचं कुठे? हॉटेलातल्या टेबलांच्या मधे? मोठ्या कॉन्सर्टने रॉक टिकत नाही, छोट्या जागांनी टिकतं. सॅबथसुद्धा आधी पबमध्येच वाजवत होते.

रिफवेडा

काका, नवं मिक्स नक्की चालेल, आणि ते विल्सननेच केलंय म्हणजे मला दुप्पट आनंद. जागेबद्दल शंभर टक्के सहमत. ठाण्यात आम्ही काही जण सोसायटीच्या हॉलमध्ये प्रयत्न केला होता, आवाजावरून लगेच तक्रार. यावर वेगळा धागा काढा ना, इंडिपेंडन्स रॉकच्या आठवणींसकट, आम्हाला वाचायचंय.

बेसवाली, 'नेव्हर इनफ' काल रात्री ऐकला. पहिल्यांदा जमला नाही, दुसऱ्यांदा 'लुक आउट फॉर मी'च्या शेवटच्या संथ भागाला एकदम पकड घेतली. तुझं बरोबर आहे, मी नवीन ऐकायचं टाळत होतो.

आणि २०२६ च्या जानेवारीअखेर लोलापलूझा महोत्सवाला लिंकिन पार्क येतायत, महालक्ष्मीलाच. त्यांची नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँगला प्रत्यक्ष ऐकायचंय. कोण कोण येतंय?

बेसवाली

मी आहे. आणि एक सांगते सगळ्यांना, पुढे रेटारेटी करू नका, साउंड कन्सोलचा तंबू असतो ना मैदानात, त्याच्या थोडं पुढे, मधोमध उभे राहा. इंजिनिअर तिथल्या कानाने मिक्स करत असतो त्यामुळे सगळ्यात नीट आवाज तिथेच मिळतो, बेस पण स्पष्ट येतो. कानात घालायला फोमचे प्लग आणा, पन्नास-शंभर रुपयात मेडिकलमध्ये मिळतात. मी चार वाजता महालक्ष्मी स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी, काळा टी-शर्ट.

कोल्हापुरी_डबलबास

ताई, काळा टी-शर्ट तर सगळ्यांचाच असणार तिथं. मी हलगी घेऊन येतो, गेटवर काढून घेतली तरी बाहेर वाजवू, त्याच्यावरनं ओळखा.